थोरोच्या निबंधाचे शीर्षक आणि शालेय संशोधन

अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून अमेरिकन वाङ्मयाचा अभ्यास बहुधा अकराव्या इयत्तेत होतो व त्यात इमर्सन आणि थोरो यांचा समावेश असतो. त्यांच्या विचारास तेथे ट्रॅन्सेंडेंटलिझम म्हणतात. आपण त्यास सोयीसाठी अतींद्रियवाद म्हणू. इंद्रियगोचर जगापलीकडील सत्य मनुष्यास अंतःप्रज्ञेने कळू शकते, ही त्याची मूळ धारणा होय. हा विचार शिकविताना शिक्षकापुढे एक विसंगती उभी राहते. १८३७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या ‘अमेरिकन स्कॉलर’ या व्याख्यानात इमर्सनने ग्रंथांच्या अंधानुकरणाविरुद्ध इशारा दिला होता. त्याच इमर्सनची मते शिक्षकाने टिपणांतून सांगावी आणि विद्यार्थ्याने ती पाठ करावी, यात त्या मतांचाच पराभव आहे.

यावर उपाय म्हणजे विद्यार्थ्याकडून लहानसे संशोधन करविणे. ज्ञानकोशांतील उतारे जुळविणे म्हणजे संशोधन नव्हे. एक नेमका प्रश्न, त्याचे उत्तर देऊ शकणारी मूळ साधने आणि त्यांतून निघेल तेवढाच निष्कर्ष, इतकेच येथे अभिप्रेत आहे.

उदाहरणार्थ, थोरोच्या ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ या निबंधाचे शीर्षक घ्या. १८४६ साली कर न भरल्याबद्दल थोरोला एक रात्र तुरुंगात काढावी लागली. हा निबंध त्या अनुभवाशी निगडित आहे. परंतु १८४९ साली एलिझाबेथ पीबडी यांच्या ‘एस्थेटिक पेपर्स’मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे शीर्षक ‘रेझिस्टन्स टु सिव्हिल गव्हर्नमेंट’ असे होते. थोरो १८६२ साली वारला. आज रूढ असलेले शीर्षक १८६६ च्या संग्रहात आले. ते थोरोनेच योजिले की संपादकांनी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिल्या शीर्षकात ‘सिव्हिल’ हे शासनाचे विशेषण आहे, तर दुसऱ्यात ते अवज्ञेचे. या शब्दास ‘नागरिकविषयक’ असा अर्थ आहे, तसाच ‘सभ्य’ असाही आहे. आपल्या ‘सविनय कायदेभंग’ या शब्दप्रयोगात दुसरा अर्थ उतरला आहे, हे मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. ‘प्रतिकार’ जाऊन ‘अवज्ञा’ आल्याने निबंधाच्या वाचनात कोणता फरक पडतो, हा प्रश्न सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यास झेपणारा आहे.

याच निबंधावरून कालक्रमाचे महत्त्वही पटविता येते. गांधीजींनी सत्याग्रहाची कल्पना थोरोपासून घेतली, असे विधान पुष्कळदा आढळते. परंतु ट्रान्सवालमधील प्रतिकाराची प्रतिज्ञा १९०६ सालची, आणि ‘इंडियन ओपिनियन’मधून गांधीजींनी थोरोचा परिचय करून दिला तो १९०७ साली. पुढे खुद्द गांधीजींनीही ते विधान चुकीचे ठरविले. थोरोमुळे त्यांच्या भूमिकेस पुष्टी मिळाली असे म्हणता येईल. तिचा उगम तेथे होता, असे म्हणता येणार नाही.

इंग्लंडमधील रोमँटिक कवींशी असलेला संबंधही याच पद्धतीने तपासता येतो. कोलरिजच्या ‘एड्स टु रिफ्लेक्शन’ची अमेरिकन आवृत्ती जेम्स मार्श यांनी १८२९ साली काढली. १८३३ साली इमर्सन कोलरिज व वर्ड्‌स्वर्थ यांस इंग्लंडमध्ये भेटला. १८३६ साली त्याचे ‘नेचर’ प्रसिद्ध झाले. हा क्रम बोलका असला तरी केवळ आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही. प्रभाव सिद्ध करावयाचा तर इमर्सनच्या स्वतःच्या लेखनाकडे वळावे लागते. ‘ट्रॅन्सेंडेंटल’ हा शब्द कांटपासून आल्याचे त्याने १८४२ सालच्या व्याख्यानात सांगितले आहे. असा पुरावा विद्यार्थ्याने स्वतः शोधावा.

शिक्षकाचे काम प्रश्न आटोपशीर करून देण्याचे व साधने दाखविण्याचे. निष्कर्ष त्याने पुरवू नये. गुणदानही निष्कर्षाच्या भव्यतेवरून न करता पुराव्याच्या नेटकेपणावरून करावे. ‘एवढे सिद्ध होते, याहून अधिक होत नाही’ असे जो विद्यार्थी निर्भयपणे लिहू शकेल, त्याला इमर्सनचा स्वावलंबनाचा विचार निराळा समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.