नकाशातील इस्लापूर आणि एक्सएमएल

सहस्रकुंड धबधब्याजवळच्या, किनवट तालुक्यातील इस्लापूरचे नाव संगणकीय नकाशात ‘इस्लापुर’ असे ऱ्हस्व उमटले, तर ते दुरुस्त कसे करावे? २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची माहिती एक्सएमएल स्वरूपात उतरवून घेता येते. तीत गाव हा एक घटक असतो. अक्षांश-रेखांश हे त्याचे गुणधर्म, तर मराठी नाव पोटातील उपघटकात.

अशी फाइल साध्या मजकुरासारखी खोडणे धोक्याचे. एक अवतरणचिन्ह सुटले, तरी ती वाचणारा ‘पार्सर’ संपूर्ण दस्तऐवज नाकारतो. पायथॉन या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत २००६ पासून अंगभूत असलेली ‘एलिमेंटट्री’ फाइलचा वृक्ष उभारते आणि प्रत्येक घटक स्वतंत्र ऑब्जेक्ट होतो. ‘फाइंड’ने नावाचा उपघटक शोधावा, ‘सेट’ने मूल्य बदलावे, ‘राइट’ने जतन करावे.

खरी मेख येथेच आहे. जतन करताना ‘यूटीएफ-८’ सांगितले नाही, तर ‘इ’ऐवजी २३११ हा सांकेतिक क्रमांक लिहिला जातो. संगणकाला तो अचूक कळतो. फाइल उघडणाऱ्या माणसाला मात्र गावाचे नाव दिसत नाही. शिवाय ही दुरुस्ती आपल्या प्रतीपुरतीच. मूळ नकाशासाठी ती खाते उघडून पाठवावी लागते.