कोलांटीचे वय

बेंगळुरूच्या लालबागेत केंपेगौडांचा लहानसा बुरूज ज्या उघड्या कातळावर उभा आहे, त्या कातळाचे वय भूगर्भशास्त्रज्ञ सुमारे ३०० कोटी वर्षे सांगतात, आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून त्याची नोंद सरकारदफ्तरी झालेली आहे. परंतु रविवारी सकाळी आईबापांचे बोट सोडून त्या चढणीवर धाव घेणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या बालकांना या पुरातनत्वाची काहीच दरकार नसते. त्यांना तेथे एक प्रशस्त, खरखरीत, उन्हाने किंचित ऊबदार झालेला उतार मिळालेला असतो. त्यावर ती चारी हातापायांनी चढतात, मध्येच बसून घसरतात, आणि खाली येताना पोट दगडाला टेकवून, मागे न बघता, पायांनीच पुढचे ठिकाण चाचपीत उतरतात. या निरनिराळ्या हालचालींना कोणी जाणत्या माणसाने नावे दिली, त्यांचा क्रम लावला आणि खाली एक जाड गादी अंथरली, की त्याच उद्योगाला शिशुवयातले जिम्नॅस्टिक्स म्हणतात.

असे वर्ग आता इंदिरानगर, एच.एस.आर. लेआउट, व्हाइटफील्ड अशा भागांत भरतात, आणि पुण्या-कोल्हापुराकडून नोकरीनिमित्त येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत त्यांची चौकशी बालवाडीच्या प्रवेशाइतक्याच आस्थेने होते. चौकशी करणाऱ्या आईबापांच्या मनात बहुधा एक शंका असते, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आरंभ केला नाही तर पुढे पदकाची संधी हुकेल. आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आजी-आजोबांच्या मनात दुसरी असते, की कोलांट्या मारण्यासाठी दरमहा पैसे मोजण्याचे प्रयोजन काय. पहिल्या शंकेचे निरसन सोपे आहे. रिओ येथे २०१६ साली ऑलिंपिकच्या व्हॉल्ट प्रकारात चौथी आलेली आगरतळ्याची दीपा कर्माकर वयाच्या सहाव्या वर्षी या विद्येकडे वळली होती, आणि महिलांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सोळा वर्षे ही वयाची किमान अट आहे. तेव्हा दीड वर्षाच्या मुलाच्या बाबतीत पदकाचा विचार मनातून काढून टाकावा, हेच बरे. दुसरी शंका मात्र अधिक विचाराची आहे, आणि ती विचारणाऱ्यांच्या अनुभवात तिचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

शरीर कमावण्याच्या विद्येने, पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय, लहान मुलांकडे फार उशिरा पाहिले. १८११ साली बर्लिनजवळ हाझेनहाइडे येथे फ्रीडरिख लुडविग यान याने उघड्यावर कसरतीचे मैदान थाटले, ते मिसरूड फुटलेल्या तरुणांसाठी होते. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, तो मल्लांच्या तयारीसाठी. बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या गरडी मनेंत, म्हणजे तेथल्या तालमींत, लाल मातीच्या हौद्यात उतरण्याची मुभा मिळे ती पोर जरा हाताशी आल्यावर. याच शहरात के. व्ही. अय्यर या व्यायामाचार्यांनी हर्क्युलिस जिम्नॅशियम चालवले. कन्नड वाचकांना ते ‘शांतला’ या कादंबरीचे कर्ते म्हणून ठाऊक आहेत, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा हिरीरीने प्रसार केला, त्यांवर अय्यरांनीही १९३७ साली पुस्तक लिहिले. तथापि या सर्व परंपरांत तीन वर्षांचे मूल कोठेच दिसत नाही. ते आखाड्याच्या उंबऱ्याबाहेर, बापाच्या खांद्यावर बसून, आतली झुंज पाहत असे.

याचा अर्थ त्याचे शिक्षण होत नव्हते असा नव्हे. ते अंगणात होत होते. पाठकुळी, घोडा-घोडा, काकाच्या पायांवरचा झोका, मोठ्या बहिणींच्या फुगडीत मध्येच घुसून घेतलेली गिरकी, गवताच्या गंजीवरून मारलेली उडी, ओसरीच्या कठड्यावरून तोल सावरीत चालणे — आजच्या वर्गात ज्या बारा-पंधरा क्रिया शिकवतात, त्यांपैकी बहुतेक या यादीत सापडतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभले आणि पुढे कोसबाडच्या वारली पाड्यांत ते नेले, तेव्हा मुलाला शाळेत आणण्याऐवजी शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार या गोष्टीची पुरती जाण ठेवणारा होता. मूल जेथे वाकते, लोळते, चढते, तेथेच ते शिकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर पोहोचवली. परंतु त्याच काळात शहरांतले प्रत्यक्ष अंगण नाहीसे होत गेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या जोन बार्न्स यांनी १९७६ साली लहानग्यांसाठी जिंबोरी ही संस्था काढली, आणि बंदिस्त दालनात, मऊ गाद्यांवर, आईबापांसह चालणाऱ्या अशा वर्गांचा शिरस्ता पुढे जगभर पडत गेला. आजोबांना सांगायचे ते इतकेच, की पैसे मोजले जातात ते कोलांटीसाठी नव्हेत. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला जे अंगण उरले नाही, त्याचे ते तासाचे भाडे आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो, ती म्हणजे या वयाचे शरीर. नवजात अर्भकाचे मस्तक त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाइतके असते, दुसऱ्या वर्षी ते सुमारे पाचवा हिस्सा होते, आणि प्रौढपणी आठवा. दोन वर्षांच्या मुलाला हात वर करायला सांगून पाहावे: त्याचे तळवे टाळूच्या जेमतेम वर पोहोचतात. आपण हात वर केले तर आपली कोपरे तेथे येतात. या एका निरीक्षणात शिशुकसरतीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे, कारण मोठ्या माणसाला कोलांटी घेताना जमिनीवर टेकलेले हात मस्तक उचलून धरतात, ते काम या आखूड हातांना साधत नाही आणि सारा भार मानेवर येण्याचा धोका राहतो. म्हणून जाणते शिक्षक सपाट जमिनीवर कोलांटीस आरंभ करीतच नाहीत; ते पाचरीच्या आकाराची, एका अंगाने उंच असलेली गादी घेतात, जेणेकरून मूल उताराच्या माथ्यावर ओणवे झाले की पृथ्वीचे गुरुत्वच त्याला पुढे नेईल आणि हातांवरचा भार हलका होईल.

दक्षिण बेंगळुरूतल्या एका वर्गात हा धडा मी जवळून पाहिला. शिक्षिका उतरत्या गादीच्या बाजूस गुडघे टेकून बसली होती. तिचा एक तळहात मुलाच्या डोक्याच्या मागल्या भागावर आणि दुसरा मांडीखाली. ‘होट्टे नोडु,’ ती म्हणे, म्हणजे स्वतःच्या पोटाकडे बघ. आणि तमिळ, बंगाली, मराठी घरांतून आलेली ती सारी पोरे त्या दोन कन्नड शब्दांसरशी हनुवटी छातीला लावून पोटाकडे बघू लागत. पोटाकडे बघितले की मान आपोआप आत जाते, पाठ पाळण्याच्या बुडासारखी गोल होते, आणि उताराला टेकते ती टाळू नव्हे, तर मानेचे मूळ आणि खांदे. मांडीखालच्या हाताने किंचित उचल दिली की मूल अलगद पलीकडे. बाकावर बसलेली साताऱ्याकडची एक आजी नातवाला खुणावीत होती, ‘पोटाकडं बघ, राजा, पोटाकडं!’ आणि नातू मात्र उलटे झाल्यावर दिसलेल्या जगाने इतका थक्क झाला होता, की उठून उभे राहायचे विसरून तो गादीवर तसाच पडून हसत राहिला.

या हसण्यालाही शरीरात कारण आहे. अंतःकर्णात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव हलला की मस्तक कोणत्या दिशेने वळले, याची वर्दी मेंदूला मिळते. ही वर्दी, डोळ्यांनी दिसणारे दृश्य आणि स्नायुसांध्यांतून येणारी जाण यांचा मेळ जन्मतःच पूर्ण बसलेला नसतो. लोळणे, गिरकी, झोका, उलटे होणे यांतून तो बसत जातो. तोल सावरणे, पुढे शाळेत बाकावर फार न चुळबुळता बसणे, जिना उतरताना पायाकडे न पाहणे — या सर्वांच्या मुळाशी हा मेळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल मिळावी व त्यांपैकी ६० मिनिटे तरी धाप लागण्याजोगी असावीत, असे म्हटले आहे. आठवड्यातून एकदा भरणारा पाऊण तासाचा वर्ग ही तजवीज एकट्याने करू शकत नाही, हे आकड्यांवरूनच दिसते. उरलेले सारे घरी व्हायला हवे, आणि ते होऊ शकते.

घरात गादीच्या एका अंगाखाली लोड सरकवला की उतार तयार. फरशीवर खडूने एक पट्टा आखावा, प्रथम वीतभर रुंद, मग हळूहळू निमुळता. स्पर्धेतली तुळई १० सेंटिमीटर रुंद असते आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच, तिची केवळ रुंदी घ्यावी आणि उंचीचा विचार पुढल्या वर्षांवर सोडावा. अस्वलाची चाल, म्हणजे ढुंगण वर आणि हात-पाय सरळ, खेकड्याची चाल, म्हणजे पोट आकाशाकडे, बेडूकउड्या, आईने पाय धरावेत आणि मुलाने हातांवर चालावे अशी ढकलगाडी, मात्र या वयात घोट्यांऐवजी मांड्या धरून, म्हणजे कंबर खाली वाकणार नाही. दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारणे साधारण दुसऱ्या वर्षी जमू लागते, एका पायावर क्षणभर उभे राहणे तिसऱ्या वर्षी, आणि लंगडी चौथ्याच्या आसपास; एखादे मूल मागेपुढे होते, त्यावरून घरात चिंता माजवू नये. उडी शिकवताना उतरण्याकडे लक्ष द्यावे: गुडघे वाकलेले, पावले किंचित फाकलेली, हात पुढे. आणि हे सर्व अनवाणी. बेंगळुरूच्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून मुलांना पळू देणे हे पडण्याला निमंत्रण देण्यासारखे आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट आहे, तिच्यावर मला मुद्दाम भर द्यायचा आहे, कारण ती प्रेमाच्या भरात घडते. लाडाने मुलाची मनगटे धरून त्याला गरगर फिरवणे किंवा रस्ता ओलांडताना एका हाताने वर उचलणे आपल्याकडे सर्रास चालते. कोपराशी हाताच्या दोन हाडांपैकी एकाचे टोक ज्या कड्यासारख्या बंधात बसलेले असते, तो बंध या वयात सैल असतो. हात अवचित ओढला गेला की हाड त्यातून अंशतः निसटते, मूल कळवळते आणि तो हात लुळा ठेवून बसते. डॉक्टर ते सहसा क्षणात जागेवर बसवतात, परंतु घरच्या घरी तो प्रयोग करू नये. चार-पाच वर्षांपर्यंत गिरकी द्यायची ती काखांखाली दोन्ही हात घालून, छातीशी धरून द्यावी. मूल स्वतःच्या मुठीने दांडी पकडून लोंबकळते, ते निराळे: दमले की ते आपण होऊन सोडते, फक्त पाय जमिनीपासून वीतभरच वर असावेत.

वर्गात मूल घालायचेच असेल, तर फी आणि चकचकीत इमारत यांच्या आधी काही गोष्टी तेथे बसून बघाव्यात. मुले रांगेत किती वेळ उभी राहतात? तीन वर्षांच्या मुलाचा अर्धा तास आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जात असेल, तर तेथे व्यायाम होत नाही. पाय फाकवण्यासाठी कोणी मुलाच्या मांड्या किंवा खांदे दाबीत असेल, तर त्या वर्गातून तत्काळ बाहेर पडावे. या वयाच्या सांध्यांना ताणाची गरज नसते. रडणाऱ्या मुलाला आईच्या मांडीवर बसून नुसते पाहू देतात का? उसळत्या ट्रॅम्पोलिनबाबत अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने सहा वर्षांखालील मुलांना मनाई सुचवली आहे, आणि अनेक मुले एकदम उसळत असतील तर सर्वात लहानग्याला इजा होण्याचा संभव अधिक. तेव्हा वाढदिवसाच्या समारंभात तो पिंजरा भाड्याने आणण्यापूर्वी विचार करावा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा जोड सैल असू शकतो. त्यांना खेळ हवाच, किंबहुना अधिक हवा, परंतु कोलांटीपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

शेवटी, ज्या गृहसंकुलांत आपण राहतो, त्यांच्या व्यवस्थापनाविषयी. हिरवळीचा बंदोबस्त तेथे उत्तम असतो, पण त्या हिरवळीवर पाऊल ठेवू नये अशी पाटीही असते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले असल्याने वर्षातले बहुतेक महिने येथील सकाळ-संध्याकाळ लहान मुलांना उघड्यावर सोडण्याजोगी असते. अशी हवा लाभलेल्या शहरात दोन वर्षांचे मूल लिफ्ट आणि दिवाणखाना यांच्यामध्ये वाढावे, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते. वाळूचा एक चौकोन, जमिनीवर आडवा टाकलेला एक गुळगुळीत ओंडका, एक गवताळ उंचवटा, आणि तीन वर्षांच्या मुलाने हात उंचावून किंचित उडी मारली की हाताशी येईल इतक्या उंचीची एक दांडी — एवढ्या जिनसांना दोन मोटारींच्या जागेहून अधिक जागा लागत नाही. संकुलाच्या पुढल्या सर्वसाधारण सभेपूर्वी चार-सहा आईबापांनी मिळून हा विषय लेखी द्यावा, आणि हिरवळीवरची पाटी काढण्याची मागणीही त्याच अर्जात जोडावी.