थकलेले येणे आणि बुडालेली कमाई

बँकेच्या कर्ज-विभागात आम्हाला एक भेद सुरुवातीलाच शिकविला जाई. ग्राहकाचे येणे थकले असेल, तर ती रोकडीची अडचण; पण येणेच निर्माण झाले नसेल, तर तो तोटा. पहिल्याला अल्पमुदतीची उचल देऊन सावरता येते. दुसऱ्याला तीच उचल दिली, तर त्याच्या डोक्यावरील भार तेवढा वाढतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना अमेरिकेत असल्याने तेथील ‘शटडाऊन’ची बातमी आता घरोघरी पोहोचते. ती वाचताना मला हा भेद आठवतो.

आपल्याकडे अर्थसंकल्प संमत होण्यास विलंब लागला, तर संविधानाच्या कलम 116 अन्वये लेखानुदान घेऊन खर्च चालू ठेवता येतो. आणि अनुदानाच्या मागण्याच लोकसभेने फेटाळल्या, तर सरकार पायउतार होते. अमेरिकेत अध्यक्षांची मुदत ठरलेली असते. तेथील संसदेने, म्हणजे काँग्रेसने, निधी मंजूर केला नाही, तर सरकार कायम राहते आणि कचेऱ्या मात्र बंद पडतात. 1980 मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एका जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावला, तेव्हापासूनची ही रीत.

22 डिसेंबर 2018 ते 25 जानेवारी 2019 या 35 दिवसांचे उदाहरण पाहू. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी अध्यक्ष ट्रम्प यांना 5.7 अब्ज डॉलर हवे होते, काँग्रेस देईना. सुमारे 8 लाख केंद्रीय कर्मचारी अडकले. त्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी घरी बसविले गेले. उरलेले विमानतळावरील तपासनीस, तटरक्षक वगैरे बिनपगारी कामावर जात राहिले. 11 जानेवारीच्या पगारपत्रकावर अनेकांच्या नावापुढे शून्य होते. वॉशिंग्टनमध्ये प्रसिद्ध आचारी होसे आंद्रेस यांच्या संस्थेने या कर्मचाऱ्यांसाठी मोफत भोजनाची सोय केली. आपण ज्याला अनुकंपादान म्हणतो, ते स्वीकारण्याची वेळ नोकरीत असलेल्या माणसांवर आली होती.

तेव्हाचे वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांनी ‘हे लोक कर्ज का काढत नाहीत?’ अशा आशयाचे उद्गार काढले आणि ते टीकेचे धनी झाले. निव्वळ हिशेबाने पाहिले, तर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. थकलेला पगार देण्याची हमी देणारा कायदा 16 जानेवारीला झालाच होता. म्हणजे येणे पक्के, केवळ लांबलेले. (घरभाडे आणि औषधे मात्र कायद्याची वाट पाहत नाहीत, हा भाग वेगळा.)

पण त्याच इमारतींत झाडलोट करणारे, दारावर पहारा देणारे, उपाहारगृहात ताटे उचलणारे हजारो लोक कंत्राटदाराचे नोकर होते. काम झाले तर तासाची मजुरी. हमीच्या कायद्यात त्यांचा समावेश नव्हता. 2 जानेवारीपासून स्मिथसोनियनची संग्रहालये बंद झाली, तेव्हा तेथील उपाहारगृहेही ओस पडली आणि बाहेर खाद्यपदार्थांच्या गाड्या लावणाऱ्यांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. छोट्या उद्योगांच्या कर्जांना हमी देणारे सरकारी कार्यालयही बंद असल्याने नव्या कर्जांचे अर्ज पडून राहिले.

माझ्या एका शाखेसमोर न्यायालय होते. उन्हाळी सुटीत तेथील उपाहारगृहाचा गल्ला निम्म्यावर येई. एकदा मी मालकांना म्हणालो, “सुटी संपली की भरून निघेल.” ते हसून म्हणाले, “साहेब, सुटी संपली म्हणून वकील दोनदा पोहे खात नाहीत.” कापडाचे ठाण दिवाळीत न विकले गेले, तर लग्नसराईत विकले जाते; व्याज तेवढे अंगावर पडते. आज न विकलेले जेवण, रिकामी राहिलेली खोली, न मिळालेले भाडे यांना गोदाम नसते. सेवाव्यवसायाचे सारे दुखणे यात आहे.

अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने नंतर हिशेब मांडला: राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे 11 अब्ज डॉलरची घट, त्यांपैकी सुमारे 3 अब्ज कायमचे बुडीत. म्हणजे मोठा भाग भरून निघण्याजोगा होता. परंतु हा हिशेब देशाचा आहे. सरकारी कारकुनाचे सारे वेतन परत आले आणि सफाई करणाऱ्या स्त्रीचे काहीच आले नाही, ही गोष्ट त्या सरासरीत दिसत नाही.

25 जानेवारीला पुरेसे हवाई नियंत्रक नसल्याने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही काळ रोखावी लागली. त्याच दिवशी तडजोड झाली, आणि भिंतीचे पैसे न मिळताच कचेऱ्या उघडल्या. संग्रहालयातील ताटे उचलणारे घरी बसून होते, त्याने कोणाचे विमान अडले नव्हते. कंत्राटी कामगारांनाही बुडालेली मजुरी मिळावी म्हणून विधेयके मांडली गेली. ती संमत झाली नाहीत. 1 ऑक्टोबर 2025 रोजी पुन्हा टाळे लागले, ते 43 दिवस राहिले, आणि याही वेळी कंत्राटी कामगार हमीबाहेरच होते.