शेवटच्या नंबराचं काय?

1948 पासून मुंबईच्या पावसात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमुळे ‘ए’ ते ‘जी’ या डिव्हिजनांचा अर्थ दादर-माटुंग्याच्या क्रिकेटवेड्यांना समजावून सांगावा लागत नाही. तळाचा संघ पुढच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये जातो, तिथला अव्वल संघ वर येतो. त्यामुळे जेतेपदाच्या शर्यतीतून केव्हाच बाद झालेले दोन क्लबही चिखलात एकेका धावेसाठी झगडतात. जगभरातल्या बहुतेक फुटबॉल लीगही याच नियमावर चालतात आणि काही देशांत त्याला प्लेऑफची जोड असते. जर्मनीच्या बुंडेसलिगात 18 पैकी शेवटचे दोन संघ थेट खाली जातात. सोळावा मात्र दुसऱ्या श्रेणीतल्या तिसऱ्याशी दोन सामने खेळतो आणि त्यात जिंकेल त्याला वरची जागा मिळते. एकाची अब्रू आणि दुसऱ्याचं स्वप्न त्या 180 मिनिटांत पणाला लागतं.

भारतातल्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये अशी 180 मिनिटं येतच नाहीत. 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये संघ आले ते फ्रँचायझी म्हणून. खालच्या श्रेणीतून जिंकत वर येण्याची वाट नव्हती आणि हरून खाली जाण्याची भीतीही नव्हती. याचा परिणाम पाहायला 2022-23 चा हंगाम पुरेसा आहे. त्या वर्षी मुंबई सिटी साखळीत पहिली आली. त्याच हंगामात मुंबईचाच केंकरे क्लब सुपर लीगच्या खालच्या श्रेणीतल्या आय-लीगमधून आणखी खाली घसरला. एका शहरातल्या दोन संघांना दोन वेगळे कायदे लागू होते. सुपर लीगमध्ये तळाला असलेल्या नॉर्थईस्ट युनायटेडने 20 पैकी फक्त एक सामना जिंकला होता, तरी त्याची जागा शाबूत राहिली. माझा आक्षेप नॉर्थईस्टवर नाही, शेवटच्या नंबराची किंमत प्रत्येकासाठी वेगळी ठेवणाऱ्या व्यवस्थेवर आहे. स्पर्धेत हार सगळ्यांना सारखी महाग पडली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा असतो. खाली गेलेल्या क्लबचे प्रायोजक पळतात आणि क्लब मरतो, असं सांगितलं जातं. उदाहरणही आपल्या घरचंच आहे. 2007 मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी दुसऱ्या श्रेणीतून तेव्हा अव्वल असलेल्या आय-लीगमध्ये चढला, 2016-17 मध्ये तळाला राहिला आणि खाली घसरल्यावर बंद झाला. पण याच शहरातला महिंद्र युनायटेड 2005-06 मध्ये आय-लीगपूर्वीच्या राष्ट्रीय लीगचा विजेता होता आणि 2010 मध्ये अव्वल लीगमध्ये असतानाच कंपनीने तो गुंडाळला. सुपर लीगच्या सुरक्षित कुंपणात असूनही एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. म्हणजे क्लब मरतो तो एकाच मालकाच्या मर्जीवर उभा असल्यामुळे. लीगमधलं स्थान पक्कं असलं म्हणून मालकाचा उत्साह टिकतो, असं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संघ बांधायला वेळ लागतो आणि घसरणीची भीती तो वेळ देत नाही. तळाला राहिलेल्या त्याच नॉर्थईस्टने 2024 मध्ये ड्युरँड चषक जिंकला, हे नाकारता येणार नाही. पण असा वेळ कोणाला मिळतो, हेही पाहावं लागतं. 2015-16 च्या आय-लीगमध्ये पुण्याचा डीएसके शिवाजियन्स नऊ संघांत शेवटचा आला. थेट प्रवेश मिळालेल्या संघाला घसरणीपासून संरक्षण होतं, म्हणून तो वाचला आणि त्याच्या वरचा, आठवा आलेला ऐझॉल खाली गेला. पुढे गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, ऐझॉलला परत बोलावलं गेलं आणि त्याने 2016-17 चं विजेतेपदच पटकावलं. प्रशिक्षक होते खालिद जमील. 2009 ते 2016 अशी सात वर्षं त्यांनी मुंबई एफसीला आय-लीगमध्ये टिकवून धरलं होतं. ते ऐझॉलला गेले आणि त्याच हंगामात मुंबई एफसी बुडाला. ऐझॉलला मिळालेली दुसरी संधी ही निव्वळ दैवाची खैरात होती. ती नियमातच हवी. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबांना काही वर्षं ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. त्यामुळे पडलेला संघ जिवंत राहतो, पण पडतो जरूर.

आता वर जाण्याचं दार किलकिलं झालं आहे. 2023 मध्ये पंजाब एफसी आणि 2024 मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग हे आय-लीगचे विजेते सुपर लीगमध्ये आले. 2024-25 पर्यंत खाली मात्र एकही संघ गेला नाही. परिणामी अकराचे बारा आणि बाराचे तेरा झाले. हे अर्धंच सुधारलेलं गणित किती काळ चालेल, याचा अंदाज लोकलने जाणाऱ्या माणसाला सहज येईल. दादरला चढणारे पुष्कळ असतात. डब्यातून कुणी उतरतच नसेल, तर एकदोन स्टेशनांपुरती दाटी सोसता येते. त्यानंतर दारातला माणूस बाहेरच राहतो. 1902 पासून हारवूड फुटबॉल लीगची परंपरा असलेल्या मुंबईतल्या, कूपरेज मैदानावर घाम गाळणाऱ्या एखाद्या छोट्या क्लबाची जागा सध्या त्या दाराच्याही बाहेर, फलाटावर आहे.