सपाट न्यूनेन, डोंगराळ धडगाव : आरोग्यसेवेची पोहोच कशी मोजतात

संकल्पना
वस्तीपासून उपचारकेंद्रापर्यंत जाण्यास लागणारा वेळ आणि त्या केंद्रावर असलेला लोकसंख्येचा भार, या दोहोंतून आरोग्यसेवेची भौगोलिक पोहोच ठरते. नकाशावरील सरळ रेषेचे अंतर ही मोजमापाची केवळ सुरुवात होय.

सपाट भूमी
नेदरलँड्समधील न्यूनेन गावात स्वतःचे रुग्णालय नाही. मात्र पश्चिमेकडील आइंडहोवन आणि पूर्वेकडील हेल्मोंड या दोन्ही शहरांत ते आहे. भूमी सपाट असल्याने अंतर वाढते त्याच प्रमाणात वेळ वाढतो. आपत्कालीन सेवेसाठी त्या देशात ४५ मिनिटांचा निकष वापरला जातो. त्यात मदतीचा दूरध्वनी आल्यापासून रुग्णवाहिकेने रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा सर्व काळ धरतात.

चढ-उताराचा हिशेब
डोंगरात अंतर आणि वेळ यांचे हे नाते तुटते. भूगोलज्ञ वाल्डो टोबलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सपाट वाटेवर चालण्याचा वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर असतो. शंभर मीटरला वीस मीटर चढ असेल तर तो अडीचवर येतो, तेवढ्याच उतारावर साडेतीनच्या आसपास राहतो. म्हणजे पाच किलोमीटरच्या अशा वाटेने दरीतील केंद्रात उतरण्यास सुमारे ८५ मिनिटे, तर परत चढण्यास दोन तास लागतात. जाणे आणि येणे म्हणूनच वेगवेगळे मोजावे लागते.

भाराचे गणित
वेळ कळला तरी सेवा पुरेशी आहे का, हे कळत नाही. त्यासाठी दोन पायऱ्यांची पद्धत आहे. प्रथम प्रत्येक केंद्राच्या ठराविक वेळेच्या टप्प्यातील लोकसंख्या मोजून दरहजारी डॉक्टरांचे प्रमाण काढतात. नंतर प्रत्येक वस्तीच्या टप्प्यात येणाऱ्या केंद्रांच्या प्रमाणांची बेरीज करतात; तो त्या वस्तीचा पोहोचीचा निर्देशांक. समजा, एका केंद्रात २० हजार लोकांमागे १० डॉक्टर आहेत आणि दुसऱ्यात ८ हजारांमागे २. दोन्ही केंद्रे गाठू शकणाऱ्या वस्तीचा निर्देशांक ०.५ अधिक ०.२५, म्हणजे ०.७५ होतो. मधल्या कड्यामुळे दुसरे केंद्र टप्प्याबाहेर गेले, तर तो ०.५ उरतो.

सातपुड्यातील उपयोग
प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी मैदानी भागात ३० हजार, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येचा निकष आहे. तो भार कमी करतो. वाट सोपी करत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत एकाच गावाचे पाडे वेगवेगळ्या टेकड्यांवर विखुरलेले असतात. रस्ता संपतो तेथून रुग्णाला बांबूच्या झोळीतून न्यावे लागते. नर्मदाकाठच्या वस्त्यांसाठी तेथे तरंगता दवाखाना चालवला गेला. येथे मोजमाप गावनिहाय नव्हे, पाडानिहाय हवे. आणि पायवाट, जलमार्ग व रस्ता यांचे वेळ स्वतंत्रपणे काढून जोडायला हवेत. नवे केंद्र, फिरते पथक की रस्ता, यांपैकी कशाने सर्वाधिक वेळ वाचेल, हे त्यातून ठरवता येते.

मर्यादा
टोबलर यांचे सूत्र निरोगी माणसाच्या चालीचे आहे; गरोदर स्त्रीची किंवा झोळी वाहणाऱ्यांची चाल त्यात येत नाही. सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील, बोलिव्हियातील ला पाझसारख्या दरीतील शहरात विरळ हवेमुळे चढ अधिकच जड होतो. तेथे २०१४ पासून दोरमार्गाने प्रवास होत असल्याने केवळ रस्त्यांवर आधारलेला नकाशाही अपुरा पडतो. पावसाळ्यात ओढे भरले की सातपुड्यातील उन्हाळ्याचा आकडा निरुपयोगी ठरतो. केंद्र उघडे आहे का, डॉक्टर हजर आहे का, रुग्णाची भाषा तेथे समजते का, हे कोणत्याही नकाशात दिसत नाही. म्हणून पोहोचीचा निर्देशांक हा प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नव्हे. पाहणी कोणत्या पाड्यापासून सुरू करावी, हे मात्र तो अचूक सुचवू शकतो.