चौकटीत बसणारे गाणे

नारायणगाव म्हणजे विठाबाईंचे गाव, ढोलकीचे गाव. ठेक्यात स्वतःचे शब्द बसवायला शिकायचे असेल, तर आता संगणक किंवा मोबाईलही मदतीला येतो.

गूगलने 2018 मध्ये आणलेले 'साँग मेकर' फुकट वापरता येते. पडद्यावर चौकटींचा कागद दिसतो : आडवा काळ, उभे स्वर. सुरुवातीला 16 ठोके आणि दर ठोक्याला 2, म्हणजे 32 चौकटी असतात. दोन ओळींना तेवढ्या पुरेत.

मराठीच्या तासाला शिकलेल्या मात्रा आठवा. लघु अक्षराला 1 चौकट, गुरूला 2 (दुसरी मोकळी ठेवा). जुन्नरच्या कुकडीवर ओळ रचू : 'कुकडी वाहे रानामधुनी'. मात्रा 16, बरोबर! पुढे आंबेगावची घोड : 'घोडनदीला जाऊन मिळते'. मोजा. 17! एक मात्रा बाहेर सांडली. 'जाउनि' केले की 16. जुने कवी अशी रूपे का वापरीत, हे येथे कानांनाच कळते. मिनिटाला 120 ठोके ठेवले, तर ओळ 4 सेकंदांत संपते.

हा उद्योग तसा जुना. 1980 च्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स किपेन यांनी तबल्यासाठी 'बोल प्रोसेसर' रचला. संगणक बोल जुळवी. पसंत-नापसंत लखनौचे उस्ताद ठरवीत. हेच बेल पुढे जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहकार्यात आले.

ओवी मात्र चौकटीला सहज दाद देत नाही. दळणारी बाई जात्याच्या फेऱ्याबरोबर अक्षर लांबवते. घरी आजी ओवी म्हणत असेल तर ध्वनिमुद्रण करा, आणि कोणते अक्षर किती चौकटी खाते ते मोजून पाहा.