महाराष्ट्राचा महिला क्रिकेट संघ: पुण्याची सुरुवात, जिल्ह्यांचे बळ

महाराष्ट्राचा वरिष्ठ महिला क्रिकेट संघ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी या दोन प्रमुख देशांतर्गत स्पर्धांत उतरतो. नावात सगळे राज्य असले तरी संघाची हद्द त्याहून लहान आहे. मुंबई आणि विदर्भाचे संघ स्वतंत्र आहेत. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतात ते पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, मराठवाडा आणि कोकणातले रायगड-रत्नागिरीसारखे जिल्हे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे घरचे मैदान आज गहुंजे येथे आहे. पिंपरी-चिंचवडची वस्ती संपते तिथे, द्रुतगती मार्गाला लागून, मावळ तालुक्यात हे गाव येते. स्टेडियमचे उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी झाले. तिथून पुढे तळेगावच्या बाजूला आंबी येथे डी. वाय. पाटील अकादमीची मैदाने आहेत आणि देशांतर्गत सामन्यांसाठी त्यांचाही वापर होतो. राज्याच्या क्रिकेटचा मुक्काम असा पुण्याच्या पेठांमधून कारखान्यांच्या पट्ट्याकडे सरकला आहे.

महिला क्रिकेटच्या बाबतीत मात्र पुण्याचे नाव आरंभापासूनचे आहे. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षअखेरीला वाराणसीच्या दुसऱ्या स्पर्धेत संघांची संख्या आठवर गेली. कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण यांनी संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले. महाराष्ट्राचा संघ म्हणजे या खेळातल्या पहिल्या तीन राज्य संघांपैकी एक, आणि त्याच्या इतिहासात ही गोष्ट जितकी ठळकपणे सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिला संघ भारतात आला, तेव्हा पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे सामने झाले. प्रत्येक सामन्याला भारताची कर्णधार वेगळी होती. पुण्याच्या सामन्यात हा मान महाराष्ट्राच्या उज्ज्वला निकम यांना मिळाला.

या पहिल्या पिढीतले सर्वांत मोठे नाव शुभांगी कुलकर्णी यांचे. त्या पुण्याच्या, लेगस्पिन टाकणाऱ्या. १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिलांनी पहिली कसोटी खेळली, आणि कारकिर्दीतल्या पहिल्याच डावात त्यांनी पाच बळी घेतले. पुढे त्या १९ कसोटी सामने खेळल्या, भारताचे नेतृत्व केले आणि १९८५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये महिला संघटना नियामक मंडळात विलीन झाली, तेव्हा संघटनेच्या सचिव त्याच होत्या. एकाच व्यक्तीने खेळाडू म्हणून पायाभरणी करावी आणि पदाधिकारी म्हणून सत्तांतरही पार पाडावे, असे उदाहरण विरळाच.

लेगस्पिन ही या संघाची जुनी ओळख पुढेही टिकली. पुण्याच्या देविका वैद्य यांनी २०१४ मध्ये भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळला. त्या डावखुऱ्या फलंदाज, पण गोलंदाजी उजव्या हाताने लेगस्पिनची. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या माया सोनवणे यांची शैली तर पाहताक्षणी लक्षात राहते. चेंडू सोडण्याच्या क्षणी त्यांचे शरीर पुढे पूर्ण वाकते, मान खाली जाते आणि नजर फलंदाजाकडे नव्हे तर जमिनीकडे असते. दक्षिण आफ्रिकेच्या पॉल ॲडम्सची आठवण करून देणारी ही शैली एखाद्या प्रशिक्षकाने सुरुवातीलाच ‘सुधारली’ असती, तर एक अस्सल गोलंदाज हरवली असती. ऑफस्पिनमध्ये कोल्हापूरच्या अनुजा पाटील यांचे स्थान मोठे आहे. भारतासाठी टी-ट्वेंटी सामने खेळलेल्या अनुजा यांनी महाराष्ट्राचे कर्णधारपद दीर्घकाळ निभावले आहे.

२००६ नंतर देशांतर्गत महिला क्रिकेटची घडी बदलली. प्रवास, निवास, मैदाने आणि पंच यांची सोय मंडळाकडे आली. वयोगटांच्या स्पर्धा नियमित झाल्या. महाराष्ट्राला या वयोगटांच्या स्पर्धांचा फायदा झाला. सांगलीच्या स्मृती मानधना नवव्या वर्षी राज्याच्या पंधरा वर्षांखालील संघात आल्या आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्धच्या एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात त्यांनी १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. स्थानिक स्पर्धेतला सामना, पण त्या डावाने सांगलीचे नाव देशभर पोचवले.

एवढे गुण असूनही विजेतेपदे का कमी? याचे उत्तर मैदानाबाहेर शोधावे लागते. देशांतर्गत महिला क्रिकेटवर वर्षानुवर्षे रेल्वेची हुकमत राहिली, कारण रेल्वे खेळाडूला नोकरी देते. पगार, निवृत्तिवेतन आणि सरावाची मोकळीक एका जागी मिळत असेल, तर राज्याच्या संघाकडे तोडीस तोड देण्यासारखे काही नव्हते. राज्यांनी खेळाडू घडवायच्या आणि तयार झाल्या की त्या रेल्वेकडे जायच्या, असा क्रम पडून गेला. मोटारींचे एवढे कारखाने असलेल्या चाकण-पिंपरीच्या पट्ट्याने महिला खेळाडूंना अशा नोकऱ्या देण्याची परंपरा रुजवली, तर राज्याच्या संघाचे चित्र बदलू शकते. खेळाला उद्योगाचा हात इथे अनोळखी नाही. थेरगावात महापालिकेच्या मैदानावरची व्हॅरॉक-वेंगसरकर अकादमी त्याची साक्ष आहे, आणि क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड तिथेच घडला.

२०२२ चा उन्हाळा या संघासाठी विशेष ठरला. वरिष्ठ टी-ट्वेंटी स्पर्धेत मानधना यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम फेरी गाठली. सुरतेच्या त्या सामन्यात त्यांनी स्वतः ८४ धावा केल्या, तरी समोर पुन्हा रेल्वेच होती आणि रेल्वेने सात गडी राखून विजय मिळवला. त्याच उन्हाळ्यात महिला टी-ट्वेंटी चॅलेंज ही तीन संघांची स्पर्धा गहुंजेला झाली. २०२३ पासून सुरू झालेल्या महिला प्रीमियर लीगची ती पूर्वतयारी म्हणता येईल. माया सोनवणे आणि किरण नवगिरे या राज्यातल्या दोघींना देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले ते या स्पर्धेत.

नवगिरे यांची वाट सरळ नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावच्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी आधी मैदानी खेळांकडे वळली; भाला आणि गोळा फेकणाऱ्या खांद्यांची ताकद पुढे बॅटमध्ये उतरली. चामड्याच्या चेंडूचे क्रिकेट त्या उशिरा शिकल्या, पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये. २०२२ मध्ये पाहुण्या खेळाडू म्हणून नागालँडकडून खेळताना त्यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेचा टप्पा तोपर्यंत एकाही भारतीयाने, पुरुषानेही, ओलांडला नव्हता. पाठोपाठ गहुंजेला त्यांनी ३४ चेंडूंत ६९ धावा फटकावल्या. सप्टेंबरमध्ये त्या भारताकडून खेळल्या. महाराष्ट्राकडे परतल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध त्यांनी ३४ चेंडूंत शतक पूर्ण केले आणि ३५ चेंडूंत १०६ धावांवर नाबाद राहिल्या. महिलांच्या टी-ट्वेंटीतले ते सर्वांत वेगवान शतक होते. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा, ३६ चेंडूंचा.

नवगिरे यांच्याबरोबरीने पुण्याच्या तेजल हसबनीस यांची शांत, डाव बांधणारी फलंदाजी संघाला आधार देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध भारताकडून एकदिवसीय पदार्पण केले. दीर्घ प्रारूपाची संधी मात्र अजून तुटपुंजी आहे. राज्यांच्या संघांना बहुदिवसीय स्पर्धा नाही, विभागांची आहे. ती खंडानंतर २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्राच्या खेळाडू तिथे मुंबई, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्राच्या खेळाडूंसह पश्चिम विभागाकडून खेळतात. कसोटीसाठी फलंदाज घडवायचे तर एवढ्याने भागणार नाही.

पैशाची बाजू आता झपाट्याने बदलते आहे. वरिष्ठ महिलांचे मानधन २०२१ मध्ये दिवसाला १२,५०० वरून २०,००० रुपयांवर गेले. भारताने २०२५ चा विश्वचषक जिंकल्यानंतर, डिसेंबरमध्ये, एकदिवसीय आणि बहुदिवसीय सामन्यांसाठी अंतिम अकरातील खेळाडूला दिवसाला ५०,००० रुपये देण्याचे ठरले. महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात मानधना यांना ३ कोटी ४० लाखांची सर्वोच्च बोली लागली, वैद्य यांना १ कोटी ४० लाख आणि नवगिरे यांना ३० लाख रुपये मिळाले. राज्य संघटनेनेही २०२५ मध्ये गहुंजेला महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीग चार संघांनिशी भरवली. पुणे, सोलापूर, रत्नागिरी आणि रायगड ही त्या संघांची नावे असून त्यांतून वरिष्ठ संघाच्या निवडीसाठी नव्या मुली पुढे येत आहेत.